दुसरबीडचे गोल्फपटू

शालिग्रामभाऊ पुण्याहून दुसरबीडला कायमचे परतले, तेव्हा त्यांच्यासोबत एक ट्रंक, गुडघेदुखी आणि चामड्याच्या लांबट पिशवीत गोल्फच्या जुन्या लाकडी काठ्या आल्या. ट्रंकेत काय आहे हे कुणी विचारलं नाही. गुडघेदुखी तर गावात घरोघरी आहे. भाव आला तो काठ्यांना.

पुण्यातल्या एका क्लबात भाऊ कॅडी होते. म्हणजे साहेबांनी चेंडू मारायचा आणि भाऊंनी काठ्यांची पिशवी घेऊन मागून चालायचं. त्यांचे कर्नलसाहेब जुन्या पठडीतले. सगळा क्लब चकचकीत पोलादी काठ्या मिरवत असताना हे आजोबांच्या लाकडी दांड्यांवर अडून बसलेले. क्लब सोडताना त्या भाऊंनाच देऊन गेले. भाऊ पारावर बसून एकेक काठी दाखवत. तळाला पितळी पत्रा ठोकलेली ती ब्रासी. चेंडू अलगद उचलणारी ती स्पून. लोखंडी तोंडाची ती मॅशी, आणि वाळूच्या खड्ड्यातून चेंडू उकरून काढते ती निब्लिक. ऐकणाऱ्यांना त्यातलं काही कळत नसे, त्यामुळे आदर दिवसेंदिवस वाढत गेला.

भाऊ खोटं बोलले नाहीत. कुणी विचारलं, तर ‘सगळं आयुष्य मैदानावरच गेलं’ एवढंच म्हणत. पुढचं गावानं भरून घेतलं. खरं काय ते एकट्या अन्नपूर्णाबाईंना ठाऊक होतं. त्यांच्या नवऱ्यानं जन्मात एक चेंडू मारलेला नव्हता. कॅडीनं काठी निवडावी, पुसावी, द्यावी आणि मागं सरावं, असा क्लबाचा रिवाज होता. एकदा तरी ब्रासीनं चेंडू हाणायचाच, ही हौस भाऊंच्या मनात तशीच राहून गेली होती.

संधी चालून आली ती शाळेच्या संमेलनात. संस्थेचे अध्यक्ष सहदेवराव यांना दरवर्षी कुणाला तरी शाल घातल्याशिवाय चैन पडत नाही, आणि गावातले सत्कार करण्याजोगे खांदे संपत आले होते. फाट्यावर भाऊंचा फ्लेक्स लागला, ‘आंतरराष्ट्रीय गोल्फपटू’. त्यात भाऊंचा फोटो लहान आणि अध्यक्षांचा मोठा होता. कार्यक्रमात भाऊ प्रात्यक्षिक देणार असंही छापलं होतं. भाऊ धास्तावले, पण मनातून हरखलेही होते. आठवडाभर वावरात जाऊन त्यांनी ढेकळांवर सराव केला. ढेकळं चांगली फुटली.

“जमन ना तुमाले?” अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

“आता नाई त कवा?” भाऊ म्हणाले.

संमेलनाला अख्खं गाव लोटलं. शाल झाली, नारळ झाला, भाषणं तर झालीच झाली. मग मैदानाच्या मधोमध चेंडू ठेवला गेला आणि भाऊ पिशवी घेऊन उभे राहिले. सहदेवराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत फोटोपुरते शेजारी येऊन थांबले आणि वेळ जावा म्हणून त्यांनी हळूच विचारलं, “यातली कोन्ती काठी लागते हो इथं?”

भाऊंनी ब्रासी उपसली. उपरण्यानं मूठ पुसली. आणि काय होतंय हे कळायच्या आत मूठ अध्यक्षांपुढे धरून ते म्हणाले, “ही घ्या, साहेब.” एवढं बोलून ते मागंही सरले.

कॅमेऱ्यासमोर हातात आलेली वस्तू नाकारण्याची सहदेवरावांना सवय नाही. त्यांनी जोर लावून हाणलं. चेंडू जागचा हलला नाही, मातीसकट गवताचा मोठा लपका मात्र उडाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांनी माइकवरून भाऊंच्या मनाच्या मोठेपणाबद्दल दोन शब्द सांगितले आणि त्यात बराच वेळ घेतला. तोवर भाऊ वाकून तो लपका उचलत होते. क्लबातल्या सवयीनं त्यांनी तो जागेवर बसवला आणि पायानं दाबला. मग चेंडू पुसून खिशात टाकला. त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

घरी जाताना अन्नपूर्णाबाईंना राहवलं नाही.

“तो सहदेव सायेब कवा झाला हो? शाळेत त तुमची पाटी पाहून लिवे.”

बोलता बोलता बाईंनी वळून पाहिलं. रस्ता चांगला रुंद होता, पण पिशवी खांद्याला लावून भाऊ त्यांच्या थोडं मागून चालत होते.