अप्पाने न चेपलेली घागर

"आत्या, अप्पा गेले..." अप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ; त्याच्या मुलाचा, महेशचा फोन आला तेव्हा मी अहमदपूरला ज्वारी निवडत होते. तशीच उठले. लातूरला पोचले तर दुकानाबाहेर व्यापारी मंडळींनी श्रद्धांजलीचा फलक लावलेला: 'मनमिळाऊ, सर्वांशी जुळवून घेणारे.' खोटं! साफ खोटं! अप्पानं जन्मात कुणाशी जुळवून घेतलं नाही, आणि फलक लावणाऱ्यांशी तर मुळीच नाही. महिना होऊन गेला तरी ते शब्द डोळ्यांत खुपतात, म्हणून हे लिहून राहिले.

अप्पाचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, मागं भांडी घडवायचा छोटा कारखाना. लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात लोक घरातली भांडी मोडीत विकायला आणायचे. धंद्याची रीत अशी, की मोड तोलून घेतली की गिऱ्हाइकासमोरच तिच्यावर घण घालायचा. चेपलेलं भांडं उद्या कुणी परत मागत नाही. अप्पाही घालायचा, उगाच कशाला त्याला देव करू? मग एक दिवस मुरुडकडच्या गिरजाबाई आल्या. लग्नातली तांब्याची घागर, गळ्याशी नाव कोरलेलं. मी माहेरी आलेली, तिथंच बसले होते. अप्पा म्हणाला, "बाई, ही तरी ऱ्हाऊ द्या की घरात."

"भरायला पाणी न्हाई, रिकामी घागर काय पुजू?" त्या म्हणाल्या. पण अप्पानं घण उचलला तसं त्यांनी तोंड फिरवलं. अप्पानं घण खाली ठेवला. पैसे देऊन बाईंना वाटेला लावलं आणि घागर तशीच वरच्या फळीवर ठेवली.

त्याच दिवसांत दिल्लीहून बोलावणं आलं. परदेशातून येणाऱ्या तांब्या-पितळेच्या भंगारावरचं शुल्क कमी करावं का, असा सल्ला सरकारनं धातूच्या धंद्यातल्या माणसांकडं मागितला होता. नव्या जिल्ह्याचा माणूस हवा म्हणून अप्पाचं नाव लागलं. इथल्या व्यापारी संघानं हार घालून पाठवलं, अन् बजावलं, "कमी करा म्हण, बाकी बोलू नको." बाहेरचं भंगार स्वस्त आलं की भांडी घडवणाऱ्यांची चंगळ होणार, आणि गावातल्या मोडीचा भाव आपटणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं हो! बोलायचं मात्र कुणीच नाही.

तिथं काय झालं ते अप्पानं मला मिशीला पीळ देत सांगितलं. सभेत उभा राहून तो म्हणाला, "शुल्क घटलं तर माझा फायदाच हाय. पण आज आमच्याकडं बाया घागरी विकून राहिल्या. पाऊस पडेस्तोवर त्यांचा भाव पाडू नका." मोठ्या कारखान्यांचा सल्लागार हसला. "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" अप्पा भडकला. "सल्ला इचारलाय, का मान हलवायला बोलावलंय?"

शुल्क पावसाळ्यापर्यंत तसंच राहिलं. अप्पामुळे राहिलं असं मी म्हणणार नाही. दिल्लीत त्याला कोण विचारतो! पुढं ते कमी झालंच. पण संघानं त्याला काढून टाकलं, त्याचा माल घेणं बंद केलं, कारखाना बसला. वहिनी रडली. मीही चिडून विचारलं, "काय मिळवलंस रे?" म्हणाला, "लई गाढ झोप लागून राहिली बघ." आता बोला! तोच माणूस म्हणे सर्वांशी जुळवून घेणारा.

परवा महेश दुकान आवरत होता. फळीवरची घागर काढली, काळी पडलेली. गिरजाबाई पुन्हा कधी आल्याच नाहीत. "आत्या, ही आता मोडीत घालू," म्हणाला अन् घण घेतला. माझं डोकंच फिरलं. घागर हिसकावली, चिंच लावून खसाखसा घासली. नाव वर आलं. नेमकं नळाला पाणी होतं. काठोकाठ भरली आणि गल्ल्याशेजारी आणून ठेवली.

"हं, घाल आता घण," म्हटलं.

महेशनं घण ठेवला, आणि पेला शोधायला आत गेला.