नमुन्यासारखा माल

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गेली सत्तावीस वर्षं पांढरे आहेत. केस बिचारे अजून काळेच आहेत, पण ते कोणाला दिसत नाहीत. ज्याचा साबुदाणा करतात त्या कसाव्याच्या कंदांपासून स्टार्च काढणाऱ्या कारखान्यात ते नमुना तपासनीस आहेत, आणि स्टार्च ही चीज अशी, की एकदा अंगावर बसली की आगंतुक पाहुण्यासारखी उठायचं नाव घेत नाही. ताईशी लग्न ठरवायला ते थेट कारखान्यातून आमच्या घरी आले होते. आईने दार उघडलं, त्यांच्या भुवया पाहिल्या आणि आत येऊन म्हणाली, "मुलाचे आजोबा आलेत. मुलगा मागून येत असेल."

कारखान्याच्या कोपऱ्यात त्यांची आठ बाय दहाची खोली आहे. खिडकीला बारीक जाळी, टेबलावर काळी काच, काचेवर ओळीने मांडलेल्या पिठाच्या चिमटी, आणि एक खुर्ची, जिच्या उशीत भावोजींच्या बैठकीचा कायमचा खड्डा पडलेला. या खोलीतून "हं" असा हुंकार आल्याशिवाय कारखान्यात एक पोतं शिवलं जात नाही.

हा हुंकार येतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. भावोजी चिमूटभर स्टार्च घेतात, कानाशी नेतात, डोळे मिटतात आणि बोटांमध्ये चोळतात. चांगला कोरडा, शुद्ध स्टार्च चोळला की करकरतो. भावोजींच्या भाषेत तो 'बोलतो'. थोडा दमट असला तर 'पुटपुटतो', त्याला परत वाळवायला पाठवायचं. अजिबातच आवाज नसला तर भावोजी हात झटकून म्हणतात, "मेला गप्प बसलाय. काहीतरी लपवतोय." लपवणाऱ्या मालाला त्यांच्याकडे माफी नाही.

कारखान्याची मालकीण तिशीतली. वडिलांच्या मागे तिने कारभार घेतला. लहानपणी हीच मुलगी भावोजींच्या खोलीत बसून काळ्या काचेवर पिठात बोटाने बदकं काढायची. त्यामुळे चारचौघांत ते तिला 'मॅडम' म्हणतात आणि संतापले की 'बाळ'. ती मात्र त्यांना कायम 'काका'च म्हणते. या बाळाच्या डोक्यात एक दिवस आलं, की आपला स्टार्च समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या बाजारपेठेत का जाऊ नये? तिकडे म्हणे शेवयांपासून कागदापर्यंत सगळ्याला स्टार्च लागतो, तोही जहाजं भरभरून. तिने पत्रं लिहिली. एका खरेदीदाराचं उत्तर आलं: तुमच्या रोजच्या मालातला दोन किलोंचा नमुना पाठवा, बघू.

नमुना म्हटल्यावर भावोजींच्या अंगात आलं.

खरं तर करायचं काय होतं? समोरच्या पोत्यातून दोन किलो काढायचे आणि पुडक्यात भरायचे. पण लेकीला पहिल्यांदा परगावी पाठवताना आई तिला घरातल्या कपड्यांवर पाठवते का? भावोजींनी सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून थेट शेतावरून दहा किलो ताजे कंद आणले. घरी बसून ते सोलले, किसले, पाण्यात कालवले, गाळले. ताईच्या तीन पातेल्यांत, एका परातीत आणि नातवाच्या आंघोळीच्या टबात ते दुधाळ पाणी निवळत ठेवलं. वरचं पाणी ओतलं, तळाच्या साक्यावरचा मळकट थर चमच्याने खरवडला, परत पाणी, परत खरवड. मग गच्चीवर वाळवण. शेवटी चाळायची वेळ आली तेव्हा त्यांना घरातली एकही चाळणी पसंत पडेना. त्यांनी कपाट उघडून ताईची माहेरून आणलेली तलम चादर काढली. ही चादर गेली सत्तावीस वर्षं गुलाबाच्या वासाच्या साबणवडीशेजारी घडी घालून ठेवलेली आहे. ती कोणीही अंथरत नाही. ती फक्त आहे.

"अहो, त्या चादरीला हात लावू नका," ताई स्वयंपाकघरातून ओरडली.

"देशाच्या व्यापाराचा प्रश्न आहे!"

"मग देशाकडून चादर मागा!"

पण तोवर चादरीतून पीठ झरू लागलं होतं. खरं सांगतो, तसं पांढरं मी आजवर पाहिलेलं नाही. कारखान्यात नुकतंच पांढरेपणा मोजायचं एक यंत्र आलं होतं, पावाच्या डब्याएवढं. भावोजी त्याला 'डबा'च म्हणायचे. रोजच्या मालाला डबा एकोणनव्वद म्हणे. या नमुन्याला त्याने शहाण्णव दाखवले. भावोजींनी नमुन्यासोबतच्या कागदावर ऐटीत सही ठोकली: 'सदर नमुना आमच्या रोजच्या मालातून काढलेला आहे.'

महिन्याभराने उत्तर आलं. मालकीणबाई कागद नाचवत खोलीत आली. "काका, जिंकलो! अख्खा कंटेनर मागवलाय! आवडला म्हणजे काय, खुळावलेत ते! एकच अट आहे. माल हुबेहूब नमुन्यासारखा हवा."

भावोजी पांढरे पडले असते, पण त्याला वाव नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "जरा दार लावता का?"

दार लागलं आणि भावोजींनी सगळं सांगितलं: पातेली, परात, टब, चादर. मालकीणबाईने काळ्या काचेवरच्या एका चिमटीत बोट फिरवलं.

"म्हणजे काका, आपण त्यांना दाखवलं एक आणि देणार दुसरं?"

"तसं नाही गं बाळ. नाकापेक्षा मोती जरा जड झालाय, इतकंच."

"जरा? सात अंकांनी! हा माल परत आला तर त्या बाजारात आपल्याला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. आणि मग मला कानावर विसंबता येणार नाही. पुढच्या प्रत्येक मालाची तपासणी हा डबा करेल. ही खोलीही त्याचीच."

काकांसमोर एवढं बोलताना तिच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात. भावोजींनी फक्त खुर्चीची उशी हाताने सारखी केली. खड्डा गेला नाही.

कंटेनर भरायला पाच आठवडे होते. पुढचे दोन आठवडे भावोजींनी कारखाना डोक्यावर घेतला. माल दोनऐवजी चार वेळा धुतला. डबा म्हणाला, एकोणनव्वद. हौदातला साका दुप्पट वेळ निवळू दिला, वरचा थर हाताने खरवडायला माणसं लावली. डबा म्हणाला, नव्वद. मग ते एक दिवस चादर बगलेत मारून निघाले. मी विचारलं, "भावोजी, वीस टन माल एका चादरीतून?" त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला आणि म्हणाले, "सात महिने. तू एक टोक धरशील का?"

डब्याशी त्यांचं बोलणं बंद झालं होतं. समोरून जाताना ते मान फिरवायचे. घरी जेवताना घास हातात धरून बसायचे. ताईने मला बोलावून घेतलं. "तू समजाव यांना. काल मीठ कानाशी धरून चोळत होते."

मी समजवायला गेलो खरा, पण समजवण्यात माझा नंबर कायम शेवटचा. पानावर बसल्या बसल्या मी इतकंच विचारलं, "पण घरी जमलं ते तिथे का जमेना?"

"हाताची जादू," भावोजी उदासपणे म्हणाले. "हाताची जादू यंत्राला कशी येणार?"

"कसली डोंबलाची जादू!" ताईने डाव आपटला. "मला संध्याकाळी कपडे वाळत घालायला गच्ची हवी होती म्हणून मी तुमच्या मागे भुंगा लावला होता. सकाळी सातला कंद घरात आले आणि नऊच्या आत किसून झाले. तुमच्या कारखान्यात कंद किती वेळ पडून असतात?"

भावोजींचा घास अर्ध्या वाटेत थांबला.

आता इथे काट्यावरच्या गृहस्थांची ओळख करून द्यायला हवी. कारखान्याच्या फाटकाशी गाड्या तोलायचा मोठा काटा आहे. त्यावरच्या कारकुनांना सगळे 'काटेकोर' म्हणतात, तेही तोंडावर, आणि त्यांना ते आवडतं. शेतातून आलेल्या कंदांना ओली माती असते. मातीचं वजन कंदाच्या भावाने का घ्यायचं, म्हणून काटेकोरांनी अठरा वर्षांपूर्वी शिस्त घातली: आलेली गाडी दोन दिवस उन्हात उभी करायची. माती वाळते, झडते, मग काट्यावर घ्यायची. या शिस्तीबद्दल थोरल्या मालकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं होतं. आणि कसावा हा असा नाजूक प्राणी, की उपटल्यावर एका दिवसात आतून निळसर रेघा धरू लागतो. वरून ठणठणीत, आतून खचलेला. म्हणजे कारखाना अठरा वर्षं मोठ्या अभिमानाने माती झाडत होता आणि कंद नासवत होता. आणि भावोजी? ते माल तयार झाल्यावर त्याचा आवाज ऐकत होते. फाटकाकडे त्यांनी कधी कान दिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी जे महायुद्ध झालं, त्याला मी साक्षी आहे.

"माती तोलून घेऊ म्हणता?" काटेकोर उभेच राहिले. "उद्या दगड घ्या. परवा ड्रायव्हरसकट गाडी घ्या!"

"अहो, पण कंद आतून निळा पडतोय!"

"तुमचा स्टार्च तुम्ही बघा, माझा काटा मी बघतो. आत्तापर्यंत पडला नाही तो निळा?"

"पडत होता. मला तोच पांढरा वाटत होता," भावोजी म्हणाले, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज पुटपुटल्यासारखा आला.

तेवढ्यात ताई आली. लग्नानंतर पहिल्यांदा ती कारखान्याचं फाटक ओलांडत होती. तिने कोणाला काही विचारलं नाही. उभ्या गाडीतून एक टोपली कंद उतरवले, काट्याशेजारच्या छोट्या तराजूवर तोलले, नळाखाली धुतले, निथळले, परत तोलले.

"दहात एक वाटा माती," ती पदराला हात पुसत म्हणाली. "आता गाडी लगेच तोला आणि तेवढी वजा करा. भाजी घेताना मी एक जुडी झटकून बघते. भाजीवाल्याला दोन दिवस उन्हात उभा करत नाही."

"वहिनी, अठरा वर्षं झाली या शिस्तीला…"

"अठरा वर्षं माती वाचवलीत, भाऊ. आता जरा कंद वाचवा."

काटेकोर घड्याळाच्या दिशेने बघत राहिले. माणूस हट्टी, पण नावाला जागणारा. शेवटी म्हणाले, "एक टोपली खोटं बोलू शकते. तीन टोपल्या धुवायच्या. पुढून, मधून आणि मागून."

"पाच धुवा," ताई म्हणाली. "साबण लावू नका म्हणजे झालं."

त्या दिवसापासून गाडी आली की तासाभरात कंद किसायला. निवळवायची, खरवडायची नवी तऱ्हा तशीच चालू ठेवली. पहिल्या दिवसाचा माल वाळून आला तेव्हा भावोजी डब्याकडे गेले. मान न फिरवता गेले, हे महत्त्वाचं. डबा म्हणाला, पंच्याण्णव. चौथ्या दिवशी म्हणाला, शहाण्णव. भावोजींनी चिमूट कानाशी नेली, डोळे मिटले, आणि इतक्या मोठ्याने "हं" म्हणाले की शिवणयंत्रावरची माणसं दचकली.

कंटेनर भरला, कुलूप लागलं, जहाज गेलं. मग पाच आठवडे वाट. त्या काळात भावोजींनी खोलीतल्या आपल्या वस्तू हळूहळू घरी आणायला सुरुवात केली. आधी चष्म्याचं जुनं घर आलं, मग कप. ताईने तो कप रोज सकाळी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून परत पाठवला.

पत्र आलं ते दुपारी. योगायोगाने ताईही घरी विसरलेला जेवणाचा डबा द्यायला आली होती. मालकीणबाईने खोलीत येऊन उभ्यानेच वाचलं. "'माल मिळाला. पांढरेपणा नमुन्याइतकाच आहे.'"

भावोजी खुर्चीत बसले. नेमके खड्ड्यात.

"'मात्र एक फरक आढळला.'"

भावोजी उठले.

"'नमुन्याला फुलांसारखा मंद वास येत होता. स्टार्चला वास नसावा, म्हणून आम्ही थोडे साशंक होतो. तुमच्या मालाला मात्र कसलाही वास नाही. माल नमुन्यापेक्षा सरस आहे. यापुढे दर महिन्याला एक कंटेनर पाठवावा. तो पहिला नमुना कृपया विसरून जावा.'"

मालकीणबाईचे खांदे हसण्याने हलायला लागले होते. भावोजींचा चेहरा मात्र असा, की जणू लेक सासरी सुखात आहे, पण तिथे तिच्या बालपणीच्या फोटोला हसतात.

"वास?" ते म्हणाले. "माझ्या नमुन्याला वास?"

"गुलाबाचा," ताई म्हणाली. "म्हटलं होतं ना, चादरीला हात लावू नका?"

आता तो डबा भावोजींच्याच खोलीत, एका स्टुलावर असतो. खुर्ची भावोजींचीच आहे. आकडे वाचून झाल्यावर ते चिमूट आधी कानाशी नेतात आणि नंतर नाकाशी. त्यामुळे आता भुवयांच्या जोडीला नाकाचा शेंडाही पांढरा झाला आहे. परवा मी म्हटलं, "भावोजी, यंत्र आहे की, कशाला एवढा त्रास?"

त्यांनी स्टुलाकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"बिचाऱ्याला नुसतेच डोळे आहेत रे," ते म्हणाले, आणि शिंकले.