मामांची जादा गाडी

आमच्या सौभाग्यवतींचे मामा उद्या स्वर्गात गेले, तर दारातच चित्रगुप्ताला थांबवून परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारतील, याबद्दल आमच्या मालवण तालुक्यात दुमत नाही. मामा एसटीत कंट्रोलर होते. डेपोतल्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी तीसएक वर्षं माणसं रवाना केली, आणि त्या काळात त्यांची एक ठाम समजूत झाली की जाणं हे कुणालाही जमतं, अक्कल लागते ती परत यायला. त्यामुळे कुणीही त्यांच्याकडे प्रवासाचा सल्ला मागायला गेला, की ते हात वर करून त्याला थांबवतात आणि म्हणतात, "पयला परतीचा बोल. जावच्याचा मगे बघूया." मी मुलगी बघायला त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. किती वाजताच्या गाडीने परतणार, एवढंच विचारलं. मी गोंधळून काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाले, अडीचच्या गाडीत खिडकीची जागा धरून ठेवायला सांगितलंय, पोहे सावकाश खा. असा माणूस ज्या घरात आहे तिथली मुलगी करावी, हे मी त्या अडीचच्या गाडीत बसल्या बसल्या ठरवलं.

एसटी सुटली, पण मामांमधला कंट्रोलर काही सुटला नाही. त्यांच्या घरी कुणीही आलं, की पाहुणा ओटीवर टेकेपर्यंत मामा अंगणात जाऊन त्याच्या चपला उलट्या फिरवून ठेवतात, तोंड रस्त्याकडे करून. गाडी फलाटावर लावतानाच बाहेर निघायच्या बेताने लावावी, निघतेवेळी मागेपुढे करत बसू नये, हे त्यामागचं शास्त्र. नव्या पाहुण्याला वाटतं, हे आपल्याला घालवायला बघतायत. पण त्याच पाहुण्याला ते जेवल्याशिवाय उंबरठा ओलांडू देत नाहीत. शेजारच्या एका गृहस्थांना मोठ्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं, घरात सगळे रडकुंडीला आलेले. मामांनी जायच्या गाडीचं नावसुद्धा काढलं नाही. घरी येताना गगनबावड्याच्या घाटात टाक्यांना धक्के बसतात, तेव्हा उशी कुठली घ्यायची आणि गाडी किती हळू घ्यायला सांगायची, यावर अर्धा तास बोलले. ते गृहस्थ आज ठणठणीत आहेत आणि सगळ्यांना सांगतात, डॉक्टर 'बघूया' म्हणत होते, मी परत येणार हे एकट्या मामांनी धरून चाललेलं होतं.

मामांचं खरं कसब दिसायचं ते जत्रेच्या दिवशी. मसुऱ्याच्या पलीकडे मामींचं माहेर. तिथल्या देवीच्या जत्रेची तारीख कुठल्याही पंचांगात नसते. देवीला कौल लावायचा, तिने हुकूम दिला की दिवस ठरतो, आणि मग मुंबईपासून सगळे चाकरमानी रजेचे अर्ज लिहायला बसतात. त्या दिवशी डेपोतल्या सगळ्या गाड्या जत्रेला लागायच्या. पण मामा एक गाडी चिंचेखाली, गॅरेजच्या आडोशाला लपवून ठेवायचे. तिचा पत्ता ड्रायव्हरखेरीज कुणाला नसायचा. साहेब कावले, पुढारी कावले, तरी ती हलायची नाही. शेवटची गाडी भरून निघाली, आणि कुणी म्हातारी नारळाची पिशवी घेऊन मागे राहिलेली दिसली, की मामा खिडकीतून हात बाहेर काढून म्हणायचे, "आये, रडा नको. जादा गाडी आसा." हे एक वाक्य म्हणता यावं म्हणून ते सगळा दिवस शिव्या खायचे. आणि हे सगळं डेपोत बसून. मामी दरवर्षी एकट्या माहेरच्या जत्रेला जायच्या, मामा त्यांना गाडीत बसवून द्यायचे. त्यांनी स्वतः जत्रा कधीच पाहिली नाही. निवृत्त झाल्यावरही त्या दिवशी त्यांचे पाय आपोआप डेपोकडेच वळायचे.

तर अशा या मामांना त्यांच्या मुंबईच्या मुलीने पंच्याहत्तरीनिमित्त क्रूझची तिकिटं पाठवली. सिंगापूरहून निघायचं, चार दिवस समुद्रात हिंडायचं आणि परत सिंगापूरलाच उतरायचं. मामांची पहिली प्रतिक्रिया अशी, की जिथून निघालो तिथेच परत आणून सोडणारी गाडी त्यांना आयुष्यात प्रथमच भेटली, ही गाडी हुशार दिसते. त्यांच्या सोबतीला जाणकार म्हणून भाची आणि जावई, म्हणजे आम्ही दोघं, निघालो. विमानाची तिकिटं काढायला कुडाळच्या ट्रॅव्हलवालीकडे गेलो. ती म्हणाली, जहाज रविवारी सकाळी सातला लागतं, बाराचं विमान मिळतं, सगळे तसंच करतात. मामांनी तिला विचारलं, जहाजाला शिड्या किती? तिला माहीत नव्हतं. मग मामांनी हिशेब मांडला. पन्नास माणसांची गाडी एका दारातून खाली व्हायला सात मिनिटं लागतात, तीसुद्धा कुणाबरोबर मासळीचं पिंप नसेल तर. इथे माणसं तीन हजार. पुन्हा पासपोर्टची रांग, सामानाची रांग, रिक्षाची रांग. "बाये, जहाज लागता त्या दिवशी इमान पकडूचा नाय. मधी एक रात टाक," असं सांगून त्यांनी सोमवारी संध्याकाळची तिकिटं काढायला लावली. ट्रॅव्हलवालीने मुकाट्याने काढली.

आणि मग कौल झाला. देवीने जत्रेला नेमका तोच सोमवार दिला.

एरवी मामी एक जत्रा चुकल्यावर फार बोलल्या नसत्या. पण त्यांच्या याच मुलीला लग्नानंतर अकरा वर्षांनी मूल झालं होतं, आणि नात झाली की पुढच्या जत्रेला स्वतःच्या हाताने ओटी भरीन, असा मामींचा नवस होता. मुलगी तान्हीला घेऊन मुंबईहून येणार होती. ओट्या भरतात त्या दिवेलागणीपर्यंत, नंतर बंद. मामी म्हणाल्या, क्रूझ नको, रद्द करा. मामांनी दोन दिवस वहीत आकडेमोड केली. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आले, स्वतःच्या चपला स्वतःच फिरवून ठेवल्या आणि माझ्यासमोर बसले. "जावयबापू, सगळ्या गावाक मी गाडयेत बसवलंय, हिका खंय नेऊक नाय. तिका जहाजात पण बसवचा आसा आणि ओटी पण चुकवची नाय," म्हणाले. एवढं बोलून त्यांनी आपलाच नियम मोडला. चौघांचीही रविवारची बाराची तिकिटं काढली.

नियम मोडतानाही त्यांनी काय शिस्तीत मोडला म्हणता! सिंगापूरहून मुंबई, मुंबईहून गोवा, तिथून गाडीने घर, असा सगळा रस्ता त्यांनी वहीत उलटा लिहून काढला, देवळापासून जहाजापर्यंत. त्यात इन्सुलीच्या नाक्याला पंधरा मिनिटं धरलेली होती, कारण गोव्याहून येणारी गाडी म्हटल्यावर पोलीस दारूचा वास घेतल्याशिवाय सोडत नाहीत. जहाजावर मोठ्या बॅगा आदल्या संध्याकाळी खोलीबाहेर ठेवायच्या असतात आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ढिगातून शोधायच्या असतात, हे कळल्यावर त्यांनी मोठ्या बॅगांवर बंदीच घातली. चौघांनी चार दिवस खांद्यावरच्या पिशवीत भागवलं. बाकी लोक रोज नवे कपडे घालून फोटो काढत होते, आमचे सगळे फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतात. मामी मात्र खूश होत्या. दिवसभर कठड्याशी उभ्या राहून समुद्र बघायच्या आणि आपल्याकडचाच समुद्र हा, फक्त इथे कुणी जाळी टाकलेली नाहीत, असं म्हणायच्या. मामांनी जहाजावरचे दहा मजले पायी फिरून शिड्या मोजल्या. दोन निघाल्या. दुसरी उघडतात की नाही, ते विचारायला ते जहाजाच्या एका अधिकाऱ्याकडे गेले. त्या बिचाऱ्याला मामांचं इंग्रजी कळलं नाही, पण अधिकार कळला. त्याने उभं राहून उत्तर दिलं.

रविवारी पहाटे सहाला आम्ही चौघे पिशव्या लावून शिडीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या पुढे. सात वाजले, जहाज काही हलेना. समोर बंदर दिसत होतं, क्रेना दिसत होत्या, पण आम्ही आपले पाण्यातच. आठ वाजले. लाउडस्पीकरवर काहीबाही सांगत होते. मामांना त्यातला शब्द कळला नसेल, पण त्यांनी कठड्यावरून वाकून एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "फलाट मोकळो नाय." खरंच तसं होतं. आधीचं जहाज धक्क्यावरून निघालं नव्हतं. आमचं जहाज लागलं साडेदहाला, आणि आम्ही पहिले उतरूनही विमानतळावर पोचलो तेव्हा बाराच्या विमानाची खिडकी बंद झाली होती.

मामी एका बाकावर बसल्या. त्यांनी पिशवीतलं खणाचं पुडकं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याच्यावर हात फिरवत राहिल्या. आमची ही त्यांच्या शेजारी बसून डोळे पुसू लागली. मला मामांकडे बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि पहिल्यांदाच गाडी चुकली, आता हा माणूस खचणार, असं मला वाटलं. मामा मामींसमोर उभे राहिले. सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, "रडा नको. जादा गाडी आसा."

कागदावर त्या दिवशी संध्याकाळच्या विमानाची दोन तिकिटं होती, एक मामींचं आणि एक आमच्या हिचं. पुढे मुंबईहून सोमवारी पहाटेचं गोव्याचं विमान. कुडाळच्या त्या ट्रॅव्हलवालीला शपथ घालून त्यांनी ती गुपचूप काढून ठेवली होती. त्या विमानात तेव्हा दोनच जागा उरल्या होत्या. आणि सोमवार संध्याकाळच्या आधीच्या चारांपैकी दोन तिकिटं त्यांनी रद्दच केली नव्हती, माझं आणि स्वतःचं. म्हणजे जहाजाला उशीर झाला तर कोण जाणार आणि कोण राहणार, हे त्यांनी मालवणात बसूनच ठरवलेलं. मामींनी कागद पाहिला आणि विचारलं, "आणि तुमी?"

"कंट्रोलर जादा गाडयेत बसणा नाय," मामा म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी दोघींना आत सोडलं. काचेपलीकडे दोघी दिसेनाशा झाल्यावरही ते उभेच होते. विमान सुटल्याचं फलकावर आलं तेव्हा त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि मला म्हणाले, चला, आता जेवूया. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी भर विमानतळावर वाकून त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, कायतरीच.

सोमवारी संध्याकाळी आम्ही आमच्या विमानाच्या दाराशी बसलो होतो. तिथे साडेसहा, म्हणजे आपल्याकडे चार. हिचा फोन आला, चित्रासकट. पडद्यावर आधी नुसती गर्दी, मग पताका, खाज्याची दुकानं, ढोलांचा आवाज, आणि मग देवीसमोर मामी, कडेवर तान्ही. ओटी भरली गेली. मामांनी फोन माझ्या हातात दिला, वाकून बूट काढले, मोजे काढले आणि त्या विमानतळाच्या गालिच्यावर अनवाणी उभे राहून हात जोडले. आजूबाजूची माणसं बघत होती. ज्या जत्रेला त्यांनी हजारो माणसं पाठवली, ती ते प्रथमच बघत होते, तळहाताएवढी. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. बूट मात्र काढून ठेवले होते ते विमानाच्या दाराकडे तोंड करून.

थोड्या वेळाने त्यांनी फोन पुन्हा घेतला, घसा खाकरला आणि नेहमीच्या खिडकीतल्या आवाजात विचारलं, सगळी पोचली ना, मुलगी आली, पोर रडली नाही ना. मामी सगळ्याला हो म्हणाल्या.

"मगे झाला. मागे कोण रवला नाय मां?"

मामींनी तान्हीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मागे ढोल वाजत होते.

"तुमीच रवलात," त्या म्हणाल्या.

विमानात बसायला बोलावत होते, रांग लागली होती. मामांनी खाली बसून एकेक बूट घातला, नाड्या बांधल्या, मग फोन कानाशी धरला, चित्र दिसतंय हे विसरून. "मी येतंय," म्हणाले. आणि आजवर सगळी माणसं गाडीत चढवून स्वतः मागे राहणारे मामा त्या दिवशी रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.