समुद्राच्या आधी लागणारी विहीर

रस्त्याने पाण्याचा टँकर गेला की निवृत्तीनंतरही माझी मान आपोआप वळते. घरचे हसतात. हसोत बापडे! ज्या टँकरने ही सवय लावली त्याची गोष्ट विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती विसरायचीही नाही. नोकरीत पराभव पुष्कळ पचवले. ही केस मात्र आम्ही जिंकली होती.

कर्जत भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सीना नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठच्या गावातून तक्रार अर्ज आला. गावच्या विहिरीचं पाणी नासलं होतं, मुलं जुलाब-उलट्यांनी आजारी पडत होती. अर्जात आरोपीही तयार होता. विहिरीच्या वरच्या अंगाला एक निवृत्त शिक्षिका कोंबड्यांची शेड चालवतात, त्याच ओढ्यात घाण सोडतात, सबब शेड बंद करावी. पहिली सही सरपंचाची.

बाई मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, सरपंचासकट. यजमान वारल्यापासून शेड हाच त्यांचा संसार. गावाने त्यांची अंडी घेणं बंद केलं होतं, चर्चमध्ये बाकावर शेजारी कोणी बसेना. येत्या ग्रामसभेत शेडला कुलूप लावण्याचा ठराव यायचा होता.

"साहेब, शेड गेली तर जाऊ द्या," त्या मला म्हणाल्या, "पण माझ्यामुळं लेकरं आजारी पडली, हा डाग घेऊन मी मरायची नाही."

घाणीचा माग खालून वर काढायचा असतो. हवालदारांना घेऊन मी ओढ्याने वर चालू लागलो. शेड मागे पडली तरी दुर्गंधी कमी होईना, उलट वाढतच गेली. एका वळणावर गाडीवाट ओढ्याला भिडत होती आणि तिथे काठावर टोमॅटोची रोपं माजली होती, लालबुंद फळांनी लगडलेली. आसपास ना शेत, ना वस्ती. हवालदार खुशीत आले आणि त्यांनी दोन टोमॅटो तोडलेसुद्धा.

"टाका ते," मी म्हणालो. "टोमॅटोचं बी माणसाच्या पोटात पचत नाही. मैला जिथे पडतो तिथे ते उगवतं."

ठाण्यावर पोचेपर्यंत हवालदार हात पँटला पुसत होते. मी शेतकऱ्याच्या घरातला, त्यामुळे माझी खात्री पटली. शेडच्या वरच्या अंगाला कुणीतरी माणसांचा मैला आणून ओतत होतं, आणि तोही गाडीने. पण टोमॅटो न्यायालयात साक्ष देत नाहीत.

खबर दिली ती फाट्यावरच्या पंक्चरवाल्याने. "सायेब, बाजारच्या दिशी येक पान्याचा टँकर गावाकडं जातो. भरून जातो, रिकामा येतो. पन गावात कुनाच्या हंड्यात थेंब न्हाई पडत. मंग पानी जातं कुठं?"

बाजारच्या दिवशी दुपारी गाव ओस असतं. आणि आमच्या दुष्काळी मुलखात पाण्याच्या टँकरवर संशय घेतो कोण? त्याला लोक हात जोडतात! ज्याने कुणी ही शक्कल लढवली होती, त्याच्या डोक्याला मनातल्या मनात दाद दिली.

पुढच्या बाजारी फाट्यावर नाकाबंदी लावली. पठ्ठ्या आडवाटेने आत गेला आणि आमच्या हाती लागला तो परतताना, रिकामा. निळा टँकर, बाजूला ठळक अक्षरं: पिण्याचे पाणी. आतून धुतलेला, फक्त फिनेलचा वास. पाण्याच्या टँकरला फिनेल कशाला, हे विचारल्यावर ड्रायव्हर फडक्याने काच पुसू लागला. पंचविशीतला, पूर्वेकडच्या कोरड्या गावातला मुलगा. तासभर विचारलं, उत्तर एकच: "पान्याचा टँकर हाय, सायेब. बागंला पानी टाकून आलो." कुणाच्या बागेला? "मालकाला म्हाईत."

मालक शहरातल्या सावेडीहून वकील घेऊनच आले. कडक इस्त्री, चढा आवाज. "आमचा टँकर पिण्याच्या पाण्याचा आहे. लिहून घ्या!"

मी जबाब लिहून घेतला, सही घेतली. मग म्हणालो, "बरं झालं. आमच्या पोलीस लाइनीत नळ कोरडे आहेत. पाण्याचा टँकर दारात असताना पोलिसांच्या बायकामुलांनी तहानलेलं का राहावं?"

मालकांचा जीव भांड्यात पडला. "न्या की साहेब. सेवाच आहे!"

एका शिपायाला सोबत देऊन टँकर भरून आणवला. थेंबही कुणाच्या घरी जाता कामा नये, असं हवालदारांना आधीच बजावलं होतं. टँकर आवारात शिरताच लाइनीतल्या बाया हंडे-कळश्या घेऊन धावल्या. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ. एका शिपायाच्या बायकोने कडेवरच्या मुलासाठी नळाखाली ओंजळ धरली. हवालदार पुढे झेपावले, पण ड्रायव्हर त्यांच्याही आधी पोचला.

"वैनी, न्हाई! पिऊ नका! लेकराला तर आजाबात देऊ नका!" त्याने हंडा लाथेने उडवला.

"का रे?" मी हळूच विचारलं. "पाणी तर आत्ताच भरलंय."

तो चाकाजवळ मटकन बसला. "सायेब, टाकीत मैला असतो. सावेडीतल्या बिल्डिंगींचा. आमच्या गावालाबी टँकरच येतो. माजी आय अशीच हंडा घिऊन पळती, सायेब." आणि तो ढसाढसा रडला. वकील घड्याळ बघू लागले.

मालकांचा सूर पालटला. "साहेब, समुद्राकाठची मोठमोठी शहरं सगळं समुद्रातच सोडतात ना? ओढा सीनेला मिळतो, सीना भीमेला. शेवटी समुद्रच. मी थोडं आधी सोडलं, इतकंच."

"समुद्राच्या आधी त्या गावाची विहीर लागते," मी म्हणालो आणि ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरी पुढे ओढायला सांगितलं.

पंचांसमक्ष ड्रायव्हरने जागा दाखवली. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले. पंचनाम्यात टोमॅटोची रोपंही नोंदवली; त्या ओळीपाशी हवालदार तेवढे खाकरले. पुढे शिक्षा दोघांनाही झाली, खरं बोलल्यामुळे ड्रायव्हरला कमी. खरं बाहेर काढायला धाक लागतो, असं खात्यात सगळेच मानतात. त्या पोराला आम्ही बोटही लावलं नव्हतं. तहानलेल्या लेकराच्या तोंडी ते पाणी जाऊ देणं त्याला जमलं नाही. तेव्हापासून मी आरोपीपुढे बसलो की आधी शोधायचो, याला काय जमणार नाही.

ग्रामसभेला मी गणवेशात गेलो आणि सगळी हकीकत सांगितली. बाई शेवटच्या रांगेत, न खपलेल्या अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सरपंच उठले, भरघोस मिशांचा गडी, आणि त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"बाई, चुकलं आमचं."

"हात पुढं कर," बाई म्हणाल्या.

सरपंचांनी सगळ्या गावासमोर मुकाट हात पुढे केला, डोळेही मिटले. बाईंनी तळहातावर दोन अंडी ठेवली. "पोरांना उकडून घाल. अशक्त झालीत."

ग्रामसभा संपायच्या आत टोपली रिकामी झाली होती.