वरचं थोडं दबलंय

जळगावच्या आमच्या बैठकीचा एकच नियम होता. रेकॉर्डिंग लागलं की कूलर बंद, मग मे महिना का असेना. जळगावचा मे ज्याने अंगावर काढलेला नाही त्याला या नियमातली भक्ती कळायची नाही. डाळ मिलच्या वरच्या मजल्यावरची खोली, खाली रविवारची बंद मिल, हवेत तुरीच्या फोलाची बारीक धूळ, आणि आम्ही सात-आठ रिकामटेकडे घामाने निथळत कुणाचा तरी विलंबित ख्याल ऐकतोय. मिल शेठजींची, स्पीकर शेठजींचे, गाणं संपल्यावरचा चहाही त्यांचाच. समेवर शेवटची थाप पडली की ते उठून कूलर लावायचे, आणि तो घरघरायला लागला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. कारण मत माझं.

का, ते मलाही सांगता यायचं नाही. मी गायक नाही, वादक नाही. तरुणपणी पेटी शिकायला जायचो, तर गुरुजींनीच एक दिवस घरच्यांना सांगितलं की याला दुसरं काहीतरी लावा. नोकरी कालव्यांच्या खात्यात कारकुनाची. पण माझ्याजवळ शब्द होते. पोत, लगाव, खर्जातलं वजन, स्वराची धार. आणि एक युक्ती होती: विचारल्याबरोबर बोलायचं नाही. डोळे मिटून जरा थांबायचं. ही थांबण्याची कला साधली की पुढे काय बोललात याला फारसं महत्त्व राहत नाही.

बैठकीत एक पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक होते, त्यांना सगळे सर म्हणत. आणि धुळ्याहून एसटीने आबा यायचे. आबा शाळेत चित्रकला शिकवायचे. पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांचा टेपरेकॉर्डर. धुळ्यापासून फैजपूरपर्यंत कुठेही गाणं असलं की आबा पहिल्या रांगेत मांडीवर ते यंत्र घेऊन बसलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या सगळ्या कॅसेट एकेक करून कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली. त्यातली एक त्यांच्या थोरल्या बहिणीची होती.

अक्का चोपड्याला शाळेत गाणं शिकवायच्या. रेडिओवर कधी गायल्या नाहीत, तालुक्याबाहेर कुणी बोलावलं नाही. एका संध्याकाळी घरच्या ओसरीवर त्या पूरिया धनाश्री गायल्या आणि आबांनी तो टेप केला. पुढे अक्का गेल्या. त्यांच्या गाण्याची जगात तेवढी एकच खूण राहिली होती, आणि तिची कॉम्प्युटरवर केलेली पहिली प्रत आबा पेनड्राइव्हवर, पिशवीत रुमालात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आले. कशाला, तर आमचं मत ऐकायला. म्हणजे माझं.

कूलर बंद झाला. गाणं सुरू झालं. आबा स्पीकरकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटलेले. खालचे स्वर छान भरदार येत होते, पण वर जायला लागल्या की बाई जणू पडद्याआड जायच्या. तानपुरा तर कुठे लागलाय याचाच पत्ता नाही. गाणं संपलं. मी नेहमीसारखा थांबलो.

"गाणं फार वरच्या दर्जाचं, आबा," मी म्हणालो. "पण वरचं थोडं दबलंय."

"दबलंय?"

"तार षड्जाला धार नाही. तानपुऱ्याची जवारी, ती तारांची झणझण, तर गेलीच. तुमच्या यंत्राने वरचं खाल्लं."

मग सर म्हणाले, "बरोबर. मलाही ते जाणवलं. वरच्या कंपनांचा ऱ्हास आहे."

शेठजी म्हणाले, "दबा तो है भाऊ. थोडा दबा है."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. आता लिहिताना मला त्या मानांचीच चीड जास्त येते. कारण त्या खोलीत माझ्याशिवाय प्रत्येकाला तो तार षड्ज लख्ख ऐकू आला होता.

आबा मात्र खाली मान घालून पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळत होते. "प्रत परत करून आणतो भाऊ," म्हणाले.

आणि खरंच आणली. मग पुन्हा, मग पुन्हा. टेपच्या हेडला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की वरचे स्वर उजळतात, असं त्यांना कुणी सांगितलं. ते घड्याळजीसारखे भिंग लावून तो फिरवत बसले. त्याने भागेना, तर कॉम्प्युटरवर ट्रेबल वाढवला. दर वेळी कूलर बंद, दर वेळी आबांचे डोळे माझ्यावर, आणि दर वेळी मी म्हणायचो, "सुधारलंय. पण अजून थोडं."

एकदा वहिनींचा फोन आला. आबांच्या घरी अहिराणीच चालते. "भाऊ, तुम्ही काय सांगं ह्यासले? दिवसभर कानले लाईसन बठतस, जेवाले बी उठतस नही."

मी म्हणालो, "वहिनी, ही साधना आहे." असं खरोखर म्हणालो. फोनवर समोरच्याला मारता येत नाही म्हणून अशी वाक्यं जगात टिकून आहेत.

शेवटी एका रविवारी ते घेऊन आले आणि मला अक्का दिसल्या. म्हणजे ऐकू आल्या, अगदी वरपर्यंत. तानपुरासुद्धा झणझणत होता. सरांनी एका कानावर हात ठेवला. मला वाटलं, दाद. शेठजींनी डोळे घट्ट मिटले होते. मला वाटलं, समाधी. कोपऱ्यातले एक जण पाणी प्यायला म्हणून जिन्यात गेले ते गाणं संपल्यावरच आले. मला वाटलं, भरून आलं असेल.

"आता जमलं, आबा," मी म्हणालो. या वेळी थांबलोसुद्धा नाही.

"एकदम खुल गया," शेठजी म्हणाले आणि घाईघाईने कूलर लावला.

आबांचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. पहिल्या नंबराने पास झालेल्या पोराचा असतो तसा. आणि मी, माझ्या अधिकाराच्या शिखरावर बसून, त्यांना आणखी एक सल्ला दिला. "आता मागच्या सगळ्या प्रती पुसून टाका. चार ठिकाणी चार निघाल्या की खरी कुठली ते पुढे कुणाला कळायचं नाही." आबांनी घरी जाऊन पुसल्या. मूळ कॅसेटची फीत इतक्या वेळा फिरून फिरून शेवटी यंत्रातच गुंतून चुरगळली होती. आता हातात चांगली प्रत आहे म्हणून त्यांनी तीही टाकून दिली.

मग मला ताप आला.

बायकोने काखेत थर्मामीटर लावलं. "वाजलं की काढा," म्हणून स्वयंपाकघरात गेली. मी वाजायची वाट बघत पडून राहिलो. बराच वेळ झाला. ती आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अजून काढलं नाहीत?"

"वाजलं नाही अजून."

"स्वयंपाकघरात मला ऐकू आलं! काखेतलं तुम्हाला येत नाही?"

मी म्हणालो, यंत्रच बिघडलंय. तिने ते बंद करून पुन्हा लावलं, आणि या वेळी माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता वाजतंय." मी ऐकत होतो. काही नाही. "अजून वाजतंय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली चेष्टा हळूहळू ओसरत गेली ती मला स्पष्ट ऐकू आली. खालच्या पट्टीतलं मला सगळं ऐकू येतं.

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. सुरुवातीला मी पटापट दाबत होतो. मग बाहेर बसलेल्या मुलीला हाताने खूण करून म्हणालो, "ताई, तुमचं मशीन वरचं खातंय." ती काचेपलीकडून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिथे, त्या डब्यात, मला सगळं एकदम कळलं. वरचं कोण खातंय ते.

डॉक्टर म्हणाले, हे वयाने होतं, हळूहळू होतं, माणसाला स्वतःला कळत नाही. वरच्या आवाजांपासून सुरुवात होते. बरीच वर्षं झाली असतील. बरीच वर्षं! म्हणजे किती रेकॉर्डिंगं मी दबलेली ठरवली होती, कुणाकुणाच्या सुरांना धार नाही म्हणालो होतो, आणि कूलर बंद करून घामाने भिजलेली शहाणी माणसं होय होय म्हणाली होती.

इथे कुणाही सभ्य माणसाने पहिली एसटी पकडून धुळं गाठलं असतं. पण मला किस्सा सुचला. ही माझी खोड. पडलो तरी आधी बघतो की पडणं सांगण्यासारखं झालं का. घरी येऊन मी बैठकीच्या ग्रुपवर सगळा प्रसंग लिहून काढला. थर्मामीटर, काचेची खोली, मशीन वरचं खातंय, आणि शेवटी: "तेव्हा मित्रहो, ज्या कानांवर तुम्ही विसंबलात ते कान हे असे." चांगला रंगला होता. हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. सरांनी लिहिलं, "असं मोकळेपणाने सांगायला मोठं मन लागतं." शेठजींनी हात जोडलेले पाठवले. एकाने विचारलं, कानातलं यंत्र कुठल्या कंपनीचं घेताय, माझ्या साडूला हवंय. अक्कांच्या रेकॉर्डिंगबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही. मीही लिहिलं नव्हतं. त्यावर किस्सा होत नव्हता ना.

संध्याकाळी ग्रुपवर एक करडी ओळ दिसली. आबा ग्रुपमधून बाहेर पडले होते.

फोन त्यांनी घेतला नाही. मग मी गेलो, कानात नवीन यंत्रं घालून. एसटीत खिडकीची काच अशी काही किंचाळत होती की पारोळ्यापर्यंत मला वाटलं गाडी मोडतेय. बाकी लोक झोपलेले. म्हणजे काच नेहमीच किंचाळत असणार.

वहिनींनी दार उघडलं. "या भाऊ," म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. एरवी त्या मला चिडवल्याशिवाय दारातून आत घेत नाहीत. आबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. मी माफीचं काहीतरी सुरू केलं, त्यांनी हात वर करून थांबवलं आणि अक्कांचं गाणं लावलं.

मी ऐकलं. म्हणजे पहिल्यांदा ऐकलं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तानपुरा. अक्का खाली होत्या तोवर माणसासारख्या होत्या, वर गेल्या की त्यांचा आवाज फाटून त्याच्या चिंध्या होत होत्या. कानातलं यंत्र काढून टाकावंसं वाटलं. पण आबा बघत होते. नेहमीसारखेच, माझ्याकडे.

"कसं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"फाटलंय," मी म्हणालो.

"हां." त्यांनी गाणं बंद केलं. "ट्रेबल वाढवला तेव्हापासून मला ते फाटलेलंच ऐकू येत होतं."

"मग आबा, बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलणार? तुम्ही म्हणालात दबलंय. सर म्हणाले दबलंय. मला वाटलं, आपण चित्रं काढणारी माणसं, आपल्याला काय कळतं. कानाला सवय नसेल चांगल्याची." ते थोडं हसले, ते हसू मला आवडलं नाही. "रोज ऐकायचो. म्हटलं, सवय होईल."

मी डोळे मिटले. माझी ती प्रसिद्ध थांबण्याची कला.

"भाऊ, पहिली प्रत होती ना, तुमच्याकडे आणलेली? त्यात ती बसलेली दिसायची मला. ओसरीवर. अशी मान वाकडी करून वरचा षड्ज लावायची. ती दिसायची. यात दिसत नाही. मी म्हटलं, नाही दिसत तर नाही दिसत, गाणं तर बरोबर आहे. भाऊंनी पास केलंय."

आतून वहिनी म्हणाल्या, "चहा ठेवू का?" आबांनी उत्तर दिलं नाही, म्हणून मीही दिलं नाही.

माझा एक भाचा पुण्यात आवाजाचंच काम करतो. त्याला मी आधीच विचारलं होतं. वाढवलेलं कमी करता येतं, पण फाटलेलं शिवता येत नाही, असं तो म्हणाला होता. तरी मी आबांना म्हणालो, "मला द्या ती फाइल. पुण्याला पाठवतो. जेवढं होईल तेवढं नीट करून आणतो."

"आणाल," ते म्हणाले. "आणि मग नीट झालं की नाही ते कोण सांगेल? कुणाच्या कानांनी?"

त्यात राग असता तर मला सोसला असता. तो नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. पोत नाही, लगाव नाही, काही नाही. म्हणालो, "तुमच्याच, आबा. तुमचे कान चांगले आहेत."

त्यांनी मान हलवली. "होते," म्हणाले. "आता मलाच आठवत नाही, आधी कशी गायची ती. हेच ऐकू येतं."

चहा आला नाही. आबा फाटकापर्यंत सोडायला आले, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळेल म्हणाले, आणि मी वळून बघितलं तेव्हा ते आत गेलेही होते.