तिसऱ्या हाकेची ओ

सोमवारी सकाळी कोरियातल्या समचनपोच्या सुक्या मासळीच्या बाजारात गिऱ्हाईक फिरकत नाही, त्यामुळे बाजारातल्या निम्म्या बायका गुम-ओकच्या पार्लरमध्ये सापडतात. केस कुरळे करून घ्यायचे हे निमित्त. खरं काम म्हणजे शनिवार-रविवारच्या मालिकेची चिरफाड. सध्या ‘काळ्या टोपीचा पाहुणा’ जोरात होती. त्यात काळ्या झग्यातला यमदूत येतो, माणसाला नाव घेऊन तीन हाका मारतो आणि जो ओ देतो त्याला घेऊन जातो. कालच्या भागात तो चक्क इस्पितळात आला होता.

“ती बाई ओठ चावून गप्प बसली म्हणून वाचली,” गुम-ओक कुणाच्या तरी केसांत रूळ गुंडाळत म्हणाली. “आणि शेजारची मूर्ख! पेपर वाचता वाचता ‘हो’ म्हणून गेली. संपली.”

“म्हणतात ना, काळ आला होता पण वेळ आली नव्हती,” कालवं विकणारी म्हातारी रताळं सोलत म्हणाली.

“कसली वेळ! आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा दाराशी तीन वाट्या भात ठेवला होता, तीन जोड चपला ठेवल्या होत्या. दूत तीन येतात. या टीव्हीवाल्यांनी एकावरच भागवलं.”

“एकच आहे, पण काय देखणा आहे मेला! मला बोलवायला आला तर मी पहिल्याच हाकेला जाईन.”

“तू जाशील गं, पण तो नेईल का?”

सगळ्या फिदीफिदी हसल्या. कोपऱ्यातली माल-न्यो तेवढी हसली नाही. डोक्याला रूळ, त्यावर प्लास्टिकची टोपी, आणि बूड काही खुर्चीला टेकत नव्हतं. उठायची, सातूच्या चहाची किटली हलवून बघायची, परत बसायची, परत उठायची.

“जळ्ळा मेला तुमचा यमदूत,” ती खेकसली. “हाका कसल्या मारतोय! माणूस मरायचं तेव्हा मरतं. चार नट पोट भरतात आणि तुम्ही इथे अश्रू गाळता.”

गुम-ओकनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. माल-न्योच्या गळ्यातली गाठ सापडली होती ती गुम-ओकलाच, केस धुताना. त्या दिवशी हातातला पाण्याचा फवारा तसाच सोडून ती म्हणाली होती, “ताई, तुम्ही दवाखान्यात जाता की मी ओढत नेऊ?” सुई घालून तपासणी झाली होती, निकाल गुरुवारी मिळायचा होता. हे त्या दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. उलसानच्या जहाज-कारखान्यातल्या लेकालाही नाही. “तो काय करणार? येईल, तोंड पाडून बसेल, वर मलाच त्याला रांधून घालावं लागेल,” असं माल-न्योचं म्हणणं.

या बाईच्या नावाचीही एक गंमत आहे, आणि ती ऐकून मला दर वेळी तिच्या बापाचा राग येतो. माल-न्यो म्हणजे शेवटची पोर. लागोपाठ मुलीच होत होत्या, त्यात ही आली, आणि देवानं आता तरी पुरे करावं म्हणून बापानं हे नाव ठेवलं. पुढच्या खेपेला मुलगा झाला. त्याचे लाड झाले, हिचे आभार कुणी मानले नाहीत. माहेरी ती ‘ए पोरी’ होती. सासरी तिला माहेरच्या गावावरून नामहेवाली म्हणत. मुलगा झाल्यावर ती जुन-गूची आई झाली आणि बाजारात मासळीवाली ताई. नवरा जन्मभर ‘अगं’ म्हणाला. गेला तेव्हासुद्धा ‘अगं, पाणी’ एवढंच म्हणून गेला. तिचं नाव घ्यायचं ते फक्त सरकारी कचेरीनं, आणि तिथून हाक आली की काहीतरी झंझट मागे लागायचंच. चांगल्या कारणासाठी आपलं नाव कुणी पुकारलेलं तिला आठवत नव्हतं.

गुरुवारी गुम-ओकनं पार्लरला कुलूप लावलं आणि दोघी बसनं जिंजूच्या मोठ्या इस्पितळात आल्या. ओळीनं खुर्च्या, समोर पडदा. पडद्यावर नावं येत होती, पण मधलं अक्षर झाकून, तिथे नुसता गोल. माल-न्यो दर घटकेला उठून पडद्याजवळ जाई, डोळे बारीक करून बघे, परत येई.

“बसा हो ताई, तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच भोवळ येईल.”

“आलं की नाही ते कळायला नको? नाव तरी धड लिहायचं!”

“लिहीत नाहीत तेच बरं,” गुम-ओक हळूच म्हणाली. “रविवारच्या भागातला व्हरांडा अस्साच होता. अशाच खुर्च्या.”

“तोंड सांभाळ.”

“मी आपलं सांगतेय. ती बाई दाराजवळच बसली होती.”

माल-न्योनं मान वळवून पाहिलं. त्या दाराजवळच बसल्या होत्या. पलीकडे एक बाई पेपर वाचत होती. माल-न्यो मुकाट्यानं उठली आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली. गुम-ओकही तिच्यामागे सरकली. मालिकेला शिव्या देणारी ही बाई सगळे भाग पाहायची, घरी एकटी, आवाज बारीक करून. आता इस्पितळात बसल्यावर तेच सगळं डोळ्यांपुढे नाचू लागलं.

दार उघडलं. परिचारिका बाहेर आली. “सोक माल-न्यो बाई!”

एवढ्या माणसांत, असं खणखणीत, पूर्ण नाव. माल-न्योला उठायचं होतं. पाय उठेनात आणि ओ देववेना.

“सोक माल-न्यो बाई आहेत का?”

गुम-ओकनं तिचा हात घट्ट धरला. “ताई, बोलू नका,” ती कुजबुजली. मग तिच्याच लक्षात आलं असावं, की गप्प राहिलं तर पुढच्याला बोलावतील, आणि गाठीचं काय ते कळायचं राहूनच जाईल. ओ द्यायलाच हवी होती, आणि ताईंनी ती देऊन चालणार नव्हतं. पार्लरच्या उंबऱ्यावर मीठ टाकणारी, लाल शाई मेलेल्यांच्या नावांची म्हणून त्या शाईनं कुणाचं नाव लिहू न देणारी गुम-ओक ती. तिचा या सगळ्यावर देवाइतका विश्वास होता.

“सोक माल-न्यो!” तिसऱ्यांदा.

“ओ!” गुम-ओक ताडकन उभी राहिली. “मी! मीच ती!”

परिचारिकेनं हातातल्या यंत्रात पाहिलं. “जन्मतारीख सांगा.”

गुम-ओकला ताईंची जन्मतारीख ठाऊक नव्हती. तरी ती खाली बसेना. माल-न्योनं खालून वर तिच्याकडे पाहिलं आणि क्षणभर तिला काही कळेना. मग कळलं. कळल्याबरोबर इतका संताप आला की पायांत आपोआप बळ आलं.

“बस खाली, गाढवे!” ती ओरडली. सगळा व्हरांडा वळून पाहू लागला. “खोटं बोलतेय ही. माल-न्यो मी आहे. सोक माल-न्यो. तुला कुणी सांगितलं होतं गं मध्ये तोंड घालायला? आणि तुला खरंच नेलं असतं तर?”

“तर नेलं असतं,” गुम-ओक रडत म्हणाली. “मला कोण आहे मागे?”

“मी आहे ना, बये!”

आत डॉक्टर तरुण होता, शब्द जपून वापरणारा. गाठ चांगली नाही, तो म्हणाला. पण लहान आहे, पसरलेली नाही, कापून काढली की पुष्कळशी काळजी मिटेल. माल-न्यो ऐकत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते.

“शस्त्रक्रियेचं समजावून सांगायचंय,” डॉक्टर म्हणाला. “घरचं कुणी आलंय का बरोबर?”

“आलंय.”

माल-न्यो उठली, तिनं दार उघडलं. गुम-ओक तिथेच उभी होती, नाक पुसत. अख्खा बाजार तिला मालकीणबाई म्हणायचा, माल-न्योही तेच म्हणत आली होती. आज तिनं सगळ्यांदेखत, मोठ्यानं, पुऱ्या नावानं हाक मारली, “प्यो गुम-ओक!”

गुम-ओकनं पहिल्याच हाकेला ओ दिली.