शिवकन्येचा सकाळचा चहा

शिवकन्या मोसंबीच्या झाडाला जर्मन भाषेत झापत होती, तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. आमचं कृषी पदवीचं पहिलं वर्ष, सकाळचं प्रात्यक्षिक, सगळ्यांच्या हातात खुरपी, आणि ही झाडापुढे उकिडवी बसून काहीतरी खरखरीत बोलत होती. मला वाटलं, घर सुटल्यामुळे पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुपारी कळलं की हॉस्टेलवर मला तिच्याच खोलीत जागा मिळाली आहे.

शिवकन्या जिंतूर तालुक्यातल्या बोरीची. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, किराणा दुकान. अकरावी-बारावीला ती पुण्यात मावशीकडे होती. तिथल्या कॉलेजात जर्मन विषय घेतला आणि त्याच्या प्रेमातच पडली. मग परभणीला नंबर लागला. इथे माती, खतं, किडी, दुभती जनावरं सगळं शिकायला होतं. जर्मन बोलणारं माणूस मात्र पार पोखर्णीपर्यंत शोधूनही सापडलं नसतं. दुसरी कुणी असती तर भाषा विसरून मोकळी झाली असती.

हिने नेम धरला. सकाळी वेणी घालून होईपर्यंत मोठ्याने जर्मन बोलायचं, त्याआधी चहाला शिवायचं नाही. मी हसले तर शांतपणे म्हणाली, "माझी आई लिंगपूजा केल्याबिगर पाण्याचा घोट घेत न्हाई. तिला कुणी हसतंय का?" परीक्षा असो, ताप असो, नेम चुकला नाही. समोर मी नसले तर तिला बादलीही चालायची.

नेमामागे बेत होता. पदवीनंतर जर्मनीतल्या एखाद्या मोठ्या गोठ्यावर वर्षभर कामाचं प्रशिक्षण घ्यायला जाता येतं, हे तिने पुण्यातच ऐकून ठेवलं होतं. अट अशी की निवडीच्या वेळी गोठ्याच्या मालकाशी त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. आप्पांना हे पटत नव्हतं. "शेतीचं शिकायलीस तर शेतीचंच शीक की माय. ते जर्मन बोरीत कुठं चालायलंय?" शेवटी बापलेकीत तह झाला. तिने एकदा प्रयत्न करून बघायचा. निवड झाली नाही तर जर्मनचं पुन्हा नाव काढायचं नाही.

तिसऱ्या वर्षी ज्वारी बघायला एक जर्मन शेतकरी आणि त्याची बायको आली. पाहुण्यांसाठी शेतावर हुरडा ठेवला होता. सरांनी शिवकन्येला पुढे केलं. तिने असं खणखणीत स्वागत केलं की आम्ही टाळ्या वाजवल्या. पाहुण्याने लसणाच्या चटणीला बोट लावलं आणि घाईघाईने काहीतरी विचारलं. शिवकन्या हसली. त्याने पुन्हा विचारलं. तिने मान डोलावून त्याच्या हातावर आणखी हुरडा ठेवला, वर आणखी चटणी. त्याचा चेहरा लालबुंद झाला, तेव्हा सरांनीच धावत पाण्याचा तांब्या आणला.

परतताना ती हॉस्टेलच्या फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "मी इतकी वर्षं नुसतं बोलायलेय ग. मला कुणी उलटून बोललंच न्हाई." खरंच होतं. तिने जर्मनचं पारायण केलं होतं, गप्पा कधी मारल्याच नव्हत्या. मोसंबी, बादली आणि मी, तिघंही मुकाट्याने ऐकणारे. मला तिची फार कीव आली, आणि वाटलं, आता ही नाद सोडणार.

सकाळी तिने नेमच बदलला. समोरच्याने जर्मनमध्ये उत्तर दिल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. म्हणजे तिचा चहा आता आमच्या हातात. बिचारीला चहावाचून कोण ठेवणार? मी तिच्याकडूनच शिकले, शेजारच्या खोल्यांतल्या मुली शिकल्या, आणि सगळ्यांवर कडी केली मेसच्या शांतामावशींनी. त्या चहाची किटली हातात धरून, काल काय खाल्लं, कुठे गेली होतीस, असं जर्मनमध्ये दरडावून विचारायच्या आणि पटलं नाही तर किटली मागे घ्यायच्या. शिवाय गोठ्यात शेण काढताना हिच्या कानात मोबाइलवरून तिकडच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या गप्पा चालू. बातम्या का ऐकत नाहीस, असं मी विचारलं. "गोठ्यातली माणसं बातम्यासारखी बोलतेत का? आप्पा तरी बोलतेत का?"

निवडीचं बोलणं झालं ते आप्पांच्या दुकानात. तिने मला मुद्दाम बोरीला बोलावून घेतलं होतं. मोबाइल गुळाच्या ढेपेला टेकवलेला, आप्पा गल्ल्यावर, मी पोत्यावर. पडद्यावर आली एक म्हातारी मालकीणबाई, डोक्याला रुमाल, मागे गाई हंबरतायत, आणि बोलणं ठेठ खेडवळ, थांबणं नावाला नाही. तिने एक लांबलचक प्रश्न विचारला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. शिवकन्या मोबाइलकडे सरकली. मग ती बोलू लागली, म्हातारीने मध्येच तोडलं, हिने उलट काहीतरी विचारलं, आणि दोघी खळखळून हसल्या. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तर आप्पांनी ओठांवर बोट ठेवून त्याला थांबवलं. व्यापारी माणसाने गिऱ्हाईक ताटकळत ठेवलेलं मी तेव्हाच पाहिलं.

फोन बंद झाल्यावर आप्पांनी विचारलं, "काय म्हणली ती?"

"ये म्हणली."

आप्पांनी त्याच ढेपेचा खडा फोडून लेकीच्या तोंडात घातला. मग दिवसभर येईल त्याच्या हातावर गूळ ठेवत ते एकच वाक्य सांगत होते, "आपल्या बोरीत जर्मन चालतंय बरं का." त्या दिवशी मला इतका आनंद झाला की जणू माझीच निवड झाली होती.

परभणी स्टेशनवरून ती गेली. शांतामावशी फलाटावर आल्या होत्या. त्यांनी आधी जर्मनमध्ये दरडावून आणि मग मराठीत रडून घेतलं. आता तिकडे पहाट असते आणि इकडे माझी ऑफिसला निघायची वेळ, तेव्हा रोज तिचा फोन येतो. तिकडे मराठी बोलणारं कुणी नाही, म्हणून हिने आता मराठीचा नेम धरलाय. मी मराठीत उत्तर दिल्याशिवाय चहा नाही, त्यामुळे मला उशीर करता येत नाही.

परवा मात्र फोन उचलला तर आवाज तिचा नव्हता. मागे गाई हंबरत होत्या, आणि ती मालकीणबाई एकेक शब्द सावकाश उच्चारत मला विचारत होती, "चा पिलीस का ग?"

मी जर्मनमध्ये सांगितलं की अजून नाही, आत्ताच ठेवतेय.